विटांच्या ढिगाआड

जावई सकाळी सकाळी दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, चला, तुमच्या चष्म्याचा नंबर तपासून आणू. आज मी मोकळाच आहे."

आमच्या हिने आतून विचारलं, "चष्म्याचं दुकान एवढ्या लवकर उघडतं?"

"नंतर गर्दी होते हो, आई."

हिने माझ्याकडे पाहिलं. मी चपला घातल्या. सेवानिवृत्त माणसाला कोणी स्वतःहून गाडीतून न्यायला आलं, की तो फार चौकशा करत नाही. हे माझं चुकलंच.

गाडीत बसून पट्टा लावला आणि सहज मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर हवा भरायचे दोन पंप होते. ट्यूबची खोकी होती. बर्फाचा डबा, घडीची खुर्ची, छत्री, उशी, मलमपट्टीची पेटी आणि या सगळ्यावर आडवं टाकलेलं सायकलचं एक अख्खं चाक.

"जावईबापू, हे काय आहे?"

"असू द्या, बाबा. लागलं तर."

"चष्म्याच्या दुकानात चाक लागतं?"

त्यांनी गाडी सुरू केली. कान लाल झाले होते.

आमचे जावई लिफ्टच्या देखभालीचं काम करतात. एका दोराने भागत असलं तरी लिफ्टला चार-पाच दोर लावतात, आणि ते सगळे तुटले तरी पाळणा खाली जाऊ नये म्हणून आणखी एक पकड असते, असं त्यांनीच मला एकदा रंगून सांगितलं होतं. माणूस सोन्यासारखा. पण ही दोरांची सवय त्यांनी घरीही आणलेली. यांची बायको, म्हणजे आमची धाकटी मुलगी, भाजी आणायला गेली तरी हे छत्री घेऊन कोपऱ्यावर उभे. आणि त्या दिवशी आमची धाकटी भाजी आणायला गेली नव्हती. ती दोनशे किलोमीटर सायकल चालवायला गेली होती.

धाकटीचं काम दात बनवायचं. दंतवैद्य माप पाठवतात, त्यावरून ही प्रयोगशाळेत बसून कवळ्या करते. दिवसभर मान खाली, पाठीला बाक, डोळ्यासमोर मेण आणि प्लॅस्टर. चाळिशीला आली तेव्हा पाठ अशी धरली की बूट घालायला वाकता येईना. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. पोहायला गेली, तर सर्दी झाली. योगासनांच्या वर्गात सगळे डोळे मिटून शांत बसत आणि हिला त्या शांततेत घरातली कामं आठवत. शेवटी एक सायकल घेतली. आधी कामावर जायला, मग सुट्टीच्या दिवशी तलावापर्यंत, मग तलावाच्या पलीकडे. पाठ कधी सुटली ते तिलाही कळलं नाही. पंक्चर काढायला मी तिला शिकवलं, आमच्याच ओसरीवर. मी स्वतः शाळेत शिकवायला सायकलनेच जात असे, त्यामुळे तो एक विषय मला बऱ्यापैकी येतो.

मग ती त्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांच्या नादाला लागली. ही शर्यत नव्हे. तिथे पहिला-दुसरा कोणी नसतो. ठरलेल्या वेळेत ठरलेलं अंतर कापायचं, एवढंच. पण जे करायचं ते स्वतःचं स्वतः करायचं. वाटेत दुकानातून पाणी घ्या, झाडाखाली डुलकी काढा, रडत बसा, कोणी काही म्हणत नाही. घरच्या माणसांनी मात्र वाटेत मदत करायची नाही. भेटायचं असेल तर नेमून दिलेल्या थांब्यांवर, तिथेच खा, प्या, पाय चेपून घ्या. दोन थांब्यांच्या मधे घरच्यांकडून पाण्याचा थेंब घेतला, तरी फेरी रद्द.

मागच्या खेपेला पाऊण अंतर झाल्यावर जावयांनी चालत्या गाडीच्या खिडकीतून तिला लिंबूपाण्याची बाटली दिली. दमलेल्या माणसाने हात पुढे केला आणि घेतली. या फेऱ्या भरवणाऱ्या मंडळाचे एक गृहस्थ मागूनच येत होते. गळ्यात शिट्टी असते म्हणून त्यांना सगळे शिट्टीवाले म्हणतात. त्यांनी शिट्टी वाजवली. संपलं.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरीच होतो. ती आरडाओरडा करणारी नाही. हेल्मेट टेबलावर ठेवून ती म्हणाली, "आठ महिने मी एकटीने पाय मारले. शेवटी झालं काय? नवऱ्याने पाणी पाजलं."

"अगं, ऊन किती होतं!" जावई म्हणाले.

"ऊन मला दिसत होतं. या हंगामात आता एकच फेरी उरली आहे. त्या वेळी वाटेत तुझ्यामुळे काही रद्द झालं ना, तर मी सायकल विकून टाकीन. भांडणार नाही, रडणार नाही. विकून टाकीन आणि पुन्हा पाठ धरून बसेन."

ती बोलते तसं करते. लहानपणी एकदा चित्रकलेच्या बाईंनी तिच्या चित्रातलं आभाळ स्वतः रंगवून दिलं, तर हिने पुन्हा म्हणून ब्रश हातात धरला नाही. जावयांनी त्या संध्याकाळी शपथ घेतली होती. आणि आता ती शपथ, दोन पंप आणि एक चाक घेऊन आम्ही शहराबाहेर पडत होतो.

"गाडी वळवा," मी म्हणालो.

"बाबा, मी जवळ जाणारच नाही. लांबून. नुसतं लांबून."

"लांबून काय करणार?"

"बघणार."

"बघून काय होणार?"

"मला बरं वाटणार हो!"

पहिलीच्या वर्गाबाहेर असे पालक उभे असत. मूल आत खुशाल खेळत असे आणि हे खिडकीला नाक लावून. मग मूल त्यांना बघे आणि भोकाड पसरे. मग हे म्हणत, बघा गुरुजी, रडतंय, बरं झालं आम्ही थांबलो.

हे सगळं मी जावयांना सांगितलं. शांतपणे, उदाहरणासह. त्यांनी मान डोलावली. "अगदी खरं आहे, बाबा," असं म्हणून त्यांनी वेग वाढवला.

अखेर तडजोड झाली. तिच्या वाटेवर जायचंच नाही. मोठ्या रस्त्याने थेट मधल्या थांब्यावर जायचं, तिथे भेटायला परवानगी असते. तिला केळं द्यायचं, पाठीवर थाप मारायची आणि घरी परत. जावयांनी मान्य केलं. इतक्या चटकन मान्य केलं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मधला थांबा म्हणजे एक पेट्रोल पंप. त्याच्या कडेला मांडव घालून टेबल लावलेलं, त्यावर केळी, उकडलेले बटाटे, मीठ. शिट्टीवाले खुर्चीत बसून येणाऱ्यांच्या कार्डावर शिक्के मारत होते. त्यांनी जावयांना ओळखलं.

"आज बाटली कुठाय?"

"नाही आणली," जावई म्हणाले. बर्फाच्या डब्यात चार होत्या.

सायकलवाले एकेक करून येत होते. कोणी बूट काढून बोटं मोजत असल्यासारखा बघत बसे, कोणी उभ्या उभ्या बटाटा गिळून निघे. एक आजोबा माझ्याच वयाचे वाटले. मला उगाच पोट आत घ्यावंसं वाटलं. धाकटी काही येईना. तिच्याबरोबर निघालेली पांढऱ्या हेल्मेटची मुलगी आली, खाऊन गेलीसुद्धा.

जावई फोन काढून बघत होते. धाकटीने आईच्या समाधानासाठी आपलं ठिकाण दिसत राहील अशी सोय फोनवर करून ठेवली होती, आणि आईकडून ती जावयांपर्यंत पोचली होती.

"बाबा, ठिपका हलत नाहीये."

"थांबली असेल."

"केव्हापासून हलत नाहीये."

"बसली असेल झाडाखाली."

"पडली असेल तर?"

हा शब्द त्यांनी उच्चारायला नको होता. तोवर मी बरा होतो. मी म्हणालो, "चला. पण फक्त बघायचं. पडली नसेल तर तसंच मागे फिरायचं."

"शपथ," जावई म्हणाले.

"तुमची शपथ नको."

छोट्या रस्त्याने आम्ही उलट दिशेने गेलो. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला मोकळी जमीन. एका अर्धवट बांधकामापाशी वळण होतं आणि वळणापलीकडे ती दिसली. धडधाकट. सायकल उलटी करून ठेवलेली, पुढचं चाक काढलेलं, आणि ही मांडी घालून टायरशी झटापट करत होती. साधं पंक्चर.

"हात्तिच्या," मी म्हणालो. "वळवा."

"वळवायला इथे जागा नाही. पुढे गेलो तर ती आपल्याला बघेल."

बांधकामाच्या विटांचा एक मोठा ढीग रस्त्याकडेला होता. जावयांनी गाडी त्याच्या आड घातली, इंजिन बंद केलं आणि मागच्या सीटवर हात घालून त्या सगळ्या पसाऱ्यातून एक दुर्बीण काढली.

"अहो, दुर्बीण?"

"लागलं तर," ते म्हणाले आणि डोळ्याला लावली. "टायर काढला बाबा. ट्यूब काढली. नवीन घेतेय."

"टायरच्या आतून बोट फिरवलं का?"

"काय?"

"अहो, जे टोचलं ते टायरमध्येच रुतून बसलेलं असतं. काटा असो, तार असो. आतून बोट फिरवून ते आधी शोधायचं. नाहीतर नवी ट्यूबही जाते. बोट फिरवलं का?"

"नाही फिरवलं. ट्यूब कोंबतेय."

"इकडे द्या."

मी दुर्बीण जवळजवळ हिसकावलीच. खरंच, ती भराभर ट्यूब आत कोंबत होती. एवढी घाई तिच्या स्वभावात नाही. कवळी घासताना ही बाई तासभर एका दातावर बसते. ओसरीवर हा एकच मुद्दा मी तिला किती वेळा सांगितला होता! बोट, मग ट्यूब. आधी बोट, मग ट्यूब. वर्गातला अगदी हुशार विद्यार्थी फळ्यापाशी जाऊन सोपं गणित चुकायला लागला की बाकावरच्यांना जे होतं, ते मला व्हायला लागलं.

तिने हवा भरली. चाक बसवलं. निघाली. पुढे जाऊन झाडापाशी पोचेतो पुढच्या चाकाची हवा पुन्हा गेली. ती उतरली. सायकल रस्त्याकडेला नेऊन आडवी टाकली, आणि हेल्मेट काढून तीही तिच्याशेजारी बसली.

जादा ट्यूब तिच्याजवळ एकच होती, हे मला माहीत होतं. आता ठिगळ लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि जे टोचलं ते आत तसंच. ठिगळ लावलं तरी पुन्हा जाणार. वेळ निघून चालला होता.

"बाबा," जावई म्हणाले, "बाबा, कुठे चाललात?"

मी गाडीतून उतरलो होतो. केव्हा उतरलो ते मला कळलं नाही. विटांच्या ढिगाला वळसा घालून दोन पावलं गेलोसुद्धा होतो, आणि उजव्या हाताचं बोट मी वर धरलं होतं. तिला लांबूनच दाखवायला. तोंडाने काही बोलायचंही नव्हतं. नुसतं बोट.

मागून दंडाला धरून कोणीतरी मला ओढलं.

"काय करताय?" जावई कुजबुजत ओरडले. "रद्द होईल!"

"एक शब्द सांगतो फक्त."

"शब्दसुद्धा मदतच! तुम्हीच सकाळपासून माझं डोकं खाल्लंत ना, खिडकीला नाक लावणारे पालक म्हणून?"

"ती चुकतेय हो!"

"चुकू द्या!"

हे जावई म्हणाले. तेच ते, उशीवाले. घाम फुटलेला, डोळ्यात पाणी तरळलेलं, पण दंड काही सोडेनात. मला त्या माणसाचा इतका राग आला! आम्ही दोघं विटांच्या ढिगाआड, दोन चोर पोलिसांची गाडी जायची वाट बघतात तसे, एकमेकांना धरून उभे राहिलो.

धाकटी बराच वेळ नुसती बसून होती. पाणी प्यायली. एक केळं खाल्लं, सावकाश. साल नीट पिशवीत ठेवली. मग टायर पुन्हा काढला, मांडीवर घेतला आणि पाठीवरच्या पिशवीत काहीतरी शोधू लागली.

"काय काढतेय?" मी विचारलं. दुर्बीण आता जावयांकडे होती.

"पांढरं काहीतरी आहे. कापूस. जखम झाली का तिला?"

"बोट फिरवतेय का?"

"नाही. कापूस फिरवतेय. टायरच्या आतून."

मग आठवलं. तिच्या प्रयोगशाळेत मी एकदा तासभर बसलो होतो. कवळी तयार झाली की ती तिच्यावरून कापसाचा बोळा फिरवते. बोटाला गुळगुळीत लागतं, पण कुठे जरा खरखर राहिली असेल तर कापसाचा तंतू तिथे अडकतो. हिरडीला टोचण्याआधी कापसाला टोचतं, असं ती म्हणाली होती.

"अडकला!" जावई ओरडले आणि त्यांनी स्वतःच स्वतःच्या तोंडावर हात दाबला. "बाबा, अडकला कापूस! चिमट्याने काहीतरी उपसतेय. केसाएवढी तार असणार."

केसाएवढी तार माझ्या बोटाला लागली असती का? बहुतेक नाही. लागली असती असं मी जावयांना सांगितलं.

तिने ठिगळ लावलं, ते सुकेपर्यंत दाबून धरलं, कुठेही घाई न करता टायर चढवला आणि हवा भरली. मग अंगठ्याने दाबून बघितलं, सायकलवर बसली आणि ढिगासमोरून निघून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही विटांपाशीच थांबलो. मग मोठ्या रस्त्याने थेट शेवटच्या ठिकाणी गेलो.

दिवे लागायच्या आत पोचायचं होतं. दिवे लागत आले आणि ती आली. चेहरा मिठाने पांढरा झालेला. तिने कार्ड शिट्टीवाल्यांच्या पुढे ठेवलं, पण हाताखालून सोडलं नाही.

"शिक्का मारायच्या आधी एक सांगायचंय. मधे माझ्या घरची गाडी वाटेवर उभी होती."

जावई एका खांबाला टेकले.

शिट्टीवाल्यांनी आमच्याकडे बघितलं. "काय दिलं?"

"काही नाही," आम्ही एकदम म्हणालो.

"हाक मारली? खूण केली?"

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. "बाबा करणार होते," ते म्हणाले, "पण केली नाही."

"मग रस्ता काय मंडळाच्या बापाचा आहे? उभा राहीना कोणीही," असं पुटपुटत शिट्टीवाल्यांनी शिक्का मारला, कार्ड तिच्या हातात दिलं आणि पुढच्याला बोलावलं. टाळ्या नाहीत, काही नाही. तिने कार्डाकडे बघितलं. उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. गालातल्या गालात हसली. मग आमच्याकडे वळली आणि ते हसू गेलं.

"विटांच्या मागून गाडीचं नाक बाहेर आलं होतं," ती म्हणाली. "पांढरं. उन्हात चमकत होतं."

"मी पूर्ण आत घेतली होती," जावई म्हणाले.

"चमकत होतं. आता हा येतो, आता हा पंप घेऊन धावत येतो, म्हणून मी घाईघाईत ट्यूब कोंबली. नाहीतर टायर तपासायचा विसरते का मी? तुम्ही नसता तर मी केव्हाच पुढे गेले असते!" मग माझ्याकडे बघून, "आणि बाबा, तुम्हीसुद्धा? बोट काय वर केलं होतं? कशासाठी तेही मला कळलं नाही. शाळा आहे का ती?"

मी बोट खिशात घातलं.

"बरं, चुकलं," जावई म्हणाले. "दमली असशील. सायकल मागे बांधतो, तू पुढे बस. उशी आहे."

"मी सायकलने येते."

"अगं, दोनशे झाले!"

"मग घरापर्यंतचं काय जड आहे? तुम्ही पुढे जा. मागून यायचं नाही. पुढे. कळलं?"

आम्हाला कळलं. आम्ही पुढे निघालो. जावयांचे डोळे आरशात जात होते, म्हणून मी तो आरसा छताकडे वळवून ठेवला. शहर आलं, गर्दी लागली. चौकात दिवा लाल झाला, आमच्यापुढे बसेस, मोटारी, सगळे उभे. तेवढ्यात आमच्या डाव्या अंगाने, गाड्यांच्या मधल्या फटीतून एक सायकल सुळकन पुढे गेली आणि रांगेच्या अगदी तोंडाशी जाऊन एक पाय टेकून उभी राहिली.

"बाबा," जावई म्हणाले, "ती पुढे गेली. आता आपण मागे झालो."

"दिसतंय मला."

दिवा हिरवा झाला. ती निघाली. पुढच्या गाड्या निघाल्या. जावई तसेच स्टिअरिंग धरून बसले. मागून भोंगे वाजायला लागले.

"काय करू? बाबा, काय करू?"

"डावीकडे वळा."

"घर सरळ आहे."

"माहीत आहे. डावीकडे वळा."